तिसरा टेकू

सोमवार, ४ तारीख
सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी

धाकट्यास,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहावं की नाही, या विचारात अर्धा कप चहा गार झाला. लिहीत नाही. दोन वर्षं ज्याच्याशी बोलले नाही त्याला एकदम आशीर्वाद कसले द्यायचे? पण तुझं वाईटही चिंतत नाही, एवढं समजून घे.

फोन मुद्दामच केला नाही. तू ‘हॅलो’ म्हणायच्या आत मी भांडायला लागले असते. कागदावर निदान खोडता येतं. वर दुसऱ्या ओळीत एक शब्द खोडलाय, तो उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, तुझ्यासाठीच होता.

काम सांगते. थोरल्या पुलाचं आहे.

या शहरातले सातही पूल तू वरून बघतोस, मी खालून. दिवसाला सहा फेऱ्या, म्हणजे येता-जाता बारा वेळा प्रत्येक पुलाच्या पोटाखालून जाते. माइकवर तीच टकळी चालू असते. “डावीकडे पाहा, हा दगडी पूल. याच्या कमानीखाली बोललेलं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, म्हणून नवरा-बायकोनं इथे भांडू नये.” लोक हसतात, फोटो काढतात. मग जोडपूल, मग तुझा थोरला, त्याच्यामागे तारांचा. थोरल्याखाली आलं की माना वर करून सगळे गप्प होतात. शंभर वर्षांच्या त्या लोखंडी तुळया डोक्यावरून जाताना बघणारा माणूस आपोआप खांदे आत घेतो. मी अजूनही घेते.

तर मधल्या गाळ्यात, उजव्या खांबाशी, तुम्ही लोकांनी चार लोखंडी टेकू उभे केलेत. तुळई खांबावर जिथे बसते तिथलं दुरुस्तीचं काम होईपर्यंत तिचं ओझं त्या चौघांवर, हे मला कळतं. मी शाळेत तुझ्यापेक्षा कमी शिकले असेन, पण कशावर काय टेकलंय ते समजतं. बोट एका ठरावीक जागी आली की ते चारही एकामागे एक लपतात आणि एकच टेकू दिसतो. निदान आधी तसं दिसायचं. गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेपासून तिसऱ्याची कड बाहेर दिसते. दोन बोटं. खाली जास्त, वर कमी.

रविवारी पुलाची शंभर वर्षं म्हणून सगळं शहर त्यावरून चालणार आहे. ‘पूल पूर्णपणे सुरक्षित’ या नोटिशीखाली पेपरात तुझी सही वाचली. तुझी लेक शाळेच्या बँडमध्ये पहिल्या ओळीत ढोल वाजवणार, हेही कळलं. आमच्या तिकीटवाल्या मावशींची नात तिच्याच वर्गात आहे. तुझ्याकडून कळायची सोय नाही, म्हणून असं इकडून तिकडून कळतं.

खाली ये आणि बघ. एवढंच. मावशींची घरी जायची वाट तुझ्या कचेरीवरूनच आहे, त्या चिठ्ठी आणून देतील.

ताई


मंगळवार, ५ तारीख
दुपारी, धक्क्यावर

धाकट्यास,

तुझं पत्र मिळालं. कचेरीचा छापील कागद, वर ‘महोदया’. लहानपणी तुझी चड्डी वाळत घालणाऱ्या बाईला ‘महोदया’! मावशी विचारत होत्या, कुठून सरकारी बोलावणं आलंय का. म्हटलं, तसंच समजा.

तू लिहितोस, शुक्रवारीच वरून मापं घेतली, तुळई केसभरही खचलेली नाही. बरोबर असेल. ती अजून तीन टेकूंवर उभी आहे. खुर्चीचा एक पाय ढिला झाला तरी तिच्यावर कोणी बसेपर्यंत ती उभीच दिसते. रविवारी बसणारेत ना सगळे!

आणि शेवटी तुझा प्रश्न: “एकवीस तारखेपासून, असे आपण नेमके कशावरून म्हणता?”

त्या दिवशी बोटीचं तेल बदललं होतं, म्हणून तारीख लक्षात राहिली. शिवाय त्या दिवशी धुकं होतं. आणि मावशी रजेवर होत्या. झालं समाधान?

तुझा स्वभावच असा. समोरच्याचं म्हणणं राहतं बाजूला, तू त्याची तारीख तपासत बसतोस. बाबांच्या वेळीही हेच केलंस. चाळीस वर्षं बोट हाकलेला माणूस. एक दिवस धक्क्याला लागताना दोर बांधायचा खुंटा त्यांना दिसला नाही, तर तू घरात बोलायचं सोडून परवाना कचेरीत लेखी कळवलंस की माझ्या वडिलांची नजर तपासा. त्यांनी तपासली, आणि परवाना गेला. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं, समोरचं नाही. बाबा त्या दिवशी घरी आले आणि मला म्हणाले, “माझ्याच पोरानं?” बस, एवढंच. पुढचं सगळं मी बोलले. तू जिना उतरून खाली जाईपर्यंत तुला बोलले. ते मागे घेत नाही.

हल्ली ते खिडकीत बसतात. इंजिनाच्या आवाजावरून कुठली बोट चालली ते सांगतात. शंभरात पाच चुकतात, आणि त्या पाच वेळाही बोटच चुकली असं त्यांचं म्हणणं.

विषय टेकूचा आहे. ये आणि बघ.

ताई


बुधवार, ६ तारीख
संध्याकाळी

धाकट्यास,

तिकिटाच्या खिडकीवर तू फोन केलास, तो मावशींनी शब्दन् शब्द सांगितला. त्यांची स्मरणशक्ती आणि त्यांची हौस, दोन्ही दांडगी. तू म्हणालास, “काही धडकल्याशिवाय टेकू जागचा हलत नाही. वरची मापं ठीक आहेत, साहेब म्हणतात, दोन बोटांचा फरक बसवतानाच राहिला असेल. पूल बंद करायचा तर मला कारण लागेल. ताईला माहीत असेल तर तिनं लिहून द्यावं.”

चोराच्या मनात चांदणं. तू फक्त ‘माहीत असेल तर’ म्हणालास आणि मला दरदरून घाम फुटला.

धडकलं होतं. आमचीच बोट. एकवीस तारखेला संध्याकाळी, शेवटची फेरी संपवून रिकामी बोट दुरुस्तीच्या धक्क्यावर नेताना. बोटीवर प्रवासी नव्हते, एवढं देवाचं देणं. बोट मी चालवत होते. वेग फार नव्हता, रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. धुकं होतं. टेकूला घासली आणि पुढे गेली. मला वाटलं, रंग गेला असेल, संपलं. कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर परवाना गेला असता, आणि या घरातला एक परवाना तू आधीच घालवला आहेस.

घे. मिळालं कारण. आता पूल बंद कर आणि माझ्यावर काय करायचं ते कर.

ताई


गुरुवार, ७ तारीख
फेऱ्या संपल्यावर

धाकट्यास,

आज तिसऱ्या फेरीला तू रांगेत उभा राहून तिकीट काढलंस. मावशी फुकट सोडत होत्या, तरी काढलंस. शेवटच्या बाकावर जाऊन बसलास. केस पांढरे झालेत तुझे, कानावरचे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी माइकवर रोजची टकळी सुरू केली. दगडी पुलाखाली मी नवरा-बायकोचा विनोद केला, सगळे हसले आणि तू हसला नाहीस. जोडपुलाखाली वर्ष चुकीचं सांगितलं. मग थोरला आला. सगळ्यांनी माना वर केल्या, तू एकट्यानं खाली पाण्याकडे बघितलंस. त्या ठरावीक जागी मी बोट मुद्दाम हळू केली. तिसऱ्याची कड तुला दिसली. तू काही लिहून घेतलं नाहीस, तेव्हाच मला कळलं की दिसली.

धक्क्यावर सगळे उतरले आणि तू बोटीच्या नाकाशी जाऊन उकिडवा बसलास. पोच्यावरून बोट फिरवलंस. मी त्यावर नवा रंग मारला होता. रंगानं पोचा भरत नाही, हे मलाही माहीत आहे.

“ताई,” म्हणालास, “रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं एवढा पोचा पडत नाही.”

मी दोर गुंडाळत राहिले.

“आणि तू दिवे बघून बोट चालवत नाहीस. तू पाण्याकडे बघून चालवतेस. दिव्यांवर चालवायचे ते बाबा.”

तुझ्या कचेरीतल्या कोणाला हे सुचलं नसतं. या घरात वाढलेल्यालाच सुचणार. बाबांनी आपल्या दोघांना शिकवलेलं: थोरल्याच्या मधल्या गाळ्यावर एक लाल दिवा, मागे तारांच्या पुलावर दुसरा. दोन्ही एकाखाली एक आले की बोट बरोबर मध्ये, मग डोळे मिटून जा. तू म्हणालास, “आमच्या लोकांनी तिसऱ्या टेकूला लाल दिवा टांगलाय. तारांच्या पुलावरचा दिवा त्या दिव्याशी जुळवला की बोटीचं नाक सरळ टेकूवर येतं. सुकाणूवर कोण होतं?”

मी म्हटलं, “पुढची फेरी भरायचीय. उतर.”

तू उतरलास. फळीवर उभा राहून म्हणालास, “तुझं कालचं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी तुझ्या वेगावर हिशेब मांडला. त्या वेगाचा धक्का टेकू सहज सोसतो, असं उत्तर आलं. म्हणजे तुझ्या पत्रानं पूल बंद झाला नाही, उलट चालू ठेवायला आधार मिळाला. तुझ्या खोट्यावर मला रविवारी तीस हजार माणसं वर सोडावी लागतील.”

आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला सोपं गेलं असतं.

माझा परवाना काढून घे, काय हवं ते कर, पण मला ते लिहायला सांगू नकोस. ते एकदा कागदावर आलं की या घरात तू खरा ठरतोस आणि बाबांना मी त्या खिडकीतही सुखानं बसू देत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. नाही लिहिणार.

ताई


शुक्रवार, ८ तारीख
सकाळी अकरा वाजता. दुसरी फेरी रद्द केली आहे.

धाकट्या,

हे घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. मावशींना खिडकी बंद करून तुझ्याकडे पिटाळते. सोबत वेगळ्या कागदावर जबाब आहे, तारीख, वेळ, सहीसकट. तो साहेबांना दे. हे पत्र तुझ्यासाठी आहे.

पहिल्या फेरीला मी थोरल्याखाली शिरत होते आणि वरून ढोल ऐकू आले. शाळेची तालीम. दोनेकशे पोरं असतील, पण पाय एकदम पडत होते. तुळयांमधून गंजाची पूड खाली यायला लागली. एका बाईच्या चहात पडली. ती म्हणाली, “अहो, हे काय?” मी माइकवर काय सांगितलं आठवत नाही. मी तिसऱ्या टेकूकडे बघत होते. पाय पडला की टेकूच्या तळाशी पाणी थरथरायचं. बाकीच्या तिघांशी नाही. फक्त त्याच्याशी.

तेवढ्यात वरून हाक आली, “आत्या! ए आत्या!”

तुझी लेक कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून ढोलाची काठी हलवत होती. दोन वर्षांत तिनं मला पाहिलं नाही, तरी ओळखलं. आणि मी तिच्या बरोबर खाली होते, साठ माणसं घेऊन, त्याच तुळईच्या खाली. मी तिला हात केला. हात करून पुढे गेले. तेवढे पन्नास हात पाणी मला आयुष्यभर पुरेल.

आता खरं सांगते.

एकवीस तारखेला बाबा सुकाणूवर होते. त्या दिवशी त्यांना या नदीवर येऊन बेचाळीस वर्षं झाली. सकाळपासून काही बोलले नव्हते. बोट रिकामी होती, नदीवर कोणी नव्हतं, मी म्हटलं, “बाबा, येता का, धरता का जरा?” असं आधीही दोन-तीनदा दिलं होतं, रुंद पाण्यात. त्या दिवशी मी पुलांपाशीही परत घेतलं नाही. ते इतके खुशीत होते की माझ्याच्यानं मागवेना. दगडी पूल निघाला, जोडपूल निघाला, कुठे घासलं नाही. कडेचं त्यांना दिसतं ना. मग त्यांनी वेग वाढवला, पूर्ण. रमतगमत नाही. पूर्ण. धुक्यात दोन लाल दिवे दिसले, त्यांनी ते एकाखाली एक आणले आणि मला म्हणाले, “बघ, अजून चुकत नाही.”

मी बघत होते. मला समोर तो टेकू दिसत होता. ते चुकीच्या दिव्यावर चाललेत हे मला कळलं होतं. सुकाणू माझ्या हातापासून एक वीत होतं.

मी चार सेकंद गप्प राहिले.

मी मोजलेत नंतर, रोज मोजते. त्या चार सेकंदांत ‘बाबा, उजवीकडे जाताय’ एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणणं. म्हणजे तुझं वाक्य माझ्या तोंडून. ते म्हणण्यापेक्षा मला टेकूवर आदळणं परवडलं. मी शेवटी सुकाणू ओढलं, म्हणून नाकाची उजवी बाजू लागली, सरळ नाही. मग बाबा म्हणाले, “काय होतं?” आणि मी म्हटलं, “ओंडका. वाहत आला होता.” त्यांनी विश्वास ठेवला. निदान मला तसं वाटलं.

तेव्हा चूक त्यांची नाही, माझी आहे, आणि तुझ्या साहेबांना पूर्ण वेग धरून हिशेब मांडायला सांग. पोरांना आज पुलावरून खाली उतरव. आधी ते कर, मग हे पत्र पुन्हा वाच.

ताई


शनिवार, ९ तारीख
दुपार

धाकट्या,

काल दुपारी बाराला पूल बंद झाला, आणि नदीही. शहरभर तुझ्या नावानं खडे फोडताहेत, आज पेपरात ‘अतिशहाणे अभियंते’ असं आलंय. संध्याकाळी पाणबुडे उतरले. त्यांच्यातला एक जण नंतर मावशींकडे चहा प्यायला आला होता. तो म्हणाला, तिसऱ्या टेकूचा तळ खालच्या लोखंडी पाटावरून जवळजवळ पूर्ण घसरलाय, चार बोटं कड तेवढी टेकलीय. उद्याचं काय झालं असतं ते त्यानं सांगितलं नाही. कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, रिकामाच.

सकाळी परवाना कचेरीचे दोघे आले. माझा परवाना घेऊन गेले. मी रडले नाही. ते गेल्यावर थोडी रडले. चौकशीसाठी सुकाणूवर असलेल्या माणसाचा स्वतःचा जबाब हवा, त्याच्या सहीचा, असं म्हणून कोरा कागद ठेवून गेले.

मग मी बाबांना सगळं सांगितलं. खिडकीशी स्टूल ओढलं आणि सांगितलं. ओंडका नव्हता, टेकू होता. त्यांनी विचारलं, “टेकूवर दिवा होता?”

“हो.”

“लाल?”

“लाल.”

“म्हणजे दिवा मला दिसला होता,” म्हणाले. मला हसावं की काय ते कळेना. मग म्हणाले, “पूल त्यानंच बंद केला ना?”

मी हो म्हटलं.

“चांगलं केलं. तेव्हाही चांगलंच केलं होतं त्यानं.”

मी म्हटलं, “बाबा, मग दोन वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंत!”

ते म्हणाले, “कसा बोलणार? तू माझ्या बाजूनं एवढी भांडत होतीस. तुला एकटं कसं पाडायचं?”

धाकट्या, हे वाचून तुला काय वाटेल मला माहीत नाही. मला काय वाटलं तेही नीट सांगता येत नाही. दोन वर्षं मी ज्यांच्यासाठी तुझ्याशी भांडले, ते दोन वर्षं माझ्यासाठी गप्प होते. आणि तू इकडे यायचा थांबलास. चुकले मी. जिन्यावरून जे बोलले ते चुकले.

जबाब त्यांनी सांगितला, मी लिहिला. “मी पूर्ण वेगात होतो, मला वाटलं मी मध्ये आहे,” एवढाच. वाचून दाखवला. मग पेन हातात दिलं, कागदाची कड बोटाखाली दिली. त्यांनी मान ताठ करून, पूर्वी नोंदवहीत करायचे तशी लांबलचक सही केली. पहिली दोन अक्षरं कागदावर आली. बाकीचं नाव टेबलावर.

त्यांनी विचारलं, “आली ना नीट?” मी या वेळी खोटं बोलले नाही. म्हटलं, “अर्धी आली, बाबा.”

सरकारी कचेरीत अर्धी सही चालत नसणार. नवा कागद घेऊन तू स्वतः ये. त्यांचा हात धरून ओळीवर ठेवावा लागतो आणि कागद दुसऱ्यानं दाबून धरावा लागतो. मी करून पाहिलं. एकटीला जमत नाही.

अनेक आशीर्वाद.

ताई